'…व कर्मचारी वृंद' म्हणजे नक्की कोण कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे एका जुन्या वीज केंद्राचा फोटो आला होता, जवळजवळ अर्ध पान, ब्लॅक अँड व्हाइट, झकास. मधे ते गोगलगायीसारखं टर्बाईनचं केसिंग, पुढे खुर्च्यांवर साहेब लोक पायावर पाय टाकून, आणि मागे दोन ओळी उभ्या माणसांच्या, शेवटची ओळ तर बहुतेक बाकड्यावर चढवलेली कारण त्यांची डोकी मागच्या गेजच्या तबकड्यांना टेकलीयत. खाली सगळी माहिती होती, केंद्राची क्षमता, धरणाची उंची, उद्घाटन कधी नि कुणाच्या हस्ते, खुर्चीतल्या पाच जणांची नावं हुद्द्यांसकट, आणि मग शेवटी ते दोन-तीन शब्द, 'व कर्मचारी वृंद'. मी पेन घेऊन मोजले. एकतीस माणसं होती त्या वृंदात.

तुमच्यावर राग नाही हो, तुम्हाला जे लिहून आलं तेच तुम्ही छापलं असणार. पण माझे वडील एका वीज केंद्रात ऑपरेटर होते, आमचं सगळं लहानपण कॉलनीत गेलं, आणि आमच्या घरी असाच एक फोटो आहे ज्यात बाबा तिसऱ्या ओळीत आहेत, म्हणजे वृंदात आहेत. त्यामुळे हे पत्र. कुठलं केंद्र, कुठली कंपनी ते लिहीत नाही कारण पुढे थोडी तक्रार येणारे आणि ती एकाच ठिकाणची नाहीये असं मला वाटतं. पत्र लांबलंय, हवं तिथे कात्री लावा, फक्त शेवटचा भाग तेवढा ठेवा.

आधी हे सांगते की आपल्याकडे विजेचे जुने फोटो कमी नाहीत. टाटांच्या खोपोलीच्या कामाचेच बघा, १९११ च्या फेब्रुवारीत लोणावळ्याला मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क (पुढे लॉर्ड सिडनहॅम) ह्यांच्या हस्ते पायाभरणी झाली, १९१५ मध्ये खोपोलीतून मुंबईला वीज जायला लागली, जमशेटजी १९०४ लाच गेले त्यामुळे त्यांनी स्वतः काहीच बघितलं नाही, दोराबजींनी पार पाडलं, हे सगळं पुष्कळ वेळा लिहून झालंय. त्या वेळचे घाटातून खाली उतरणाऱ्या पाइपांचे फोटो कुठेही बघायला मिळतात, पाचशे मीटरपेक्षा जास्त उंचीवरून पाणी खाली आणायचं होतं ना, तर ते पाइप म्हणजे अक्षरशः डोंगराला टेकवलेली शिडी दिसते. आता त्यातला एखादा फोटो मोठा करून बघा. पाइपच्या बाजूला एक हॅटवाला उभा असतो, तो मापासाठी उभा केल्यासारखा, आणि दोराला धरून वाकलेली दहा-बारा माणसं असतात, मुंडासं, गुडघ्यापर्यंत धोतर, पायात बऱ्याचदा काही नाही. हॅटवाल्याचं नाव शोधलं तर कुठेतरी सापडू शकतं. दोरवाल्यांचं नाही. एवढा तो पाइप त्या दोरावर वर चढला आणि दोर कुणाच्या हातात होता ते आपल्याला कधीच कळणार नाही. ती वेळ गेली.

मग टाटांचीच पुढची केंद्रं, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. भिऱ्याचं पाणी मुळशीच्या धरणातून येतं, आणि मुळशी म्हटलं की सेनापती बापट, १९२१ पासूनचा सत्याग्रह, जमिनी पाण्याखाली चाललेले मावळे. बापटांना सेनापती हे नाव पडलं तेच ह्या लढ्यात. पण वीज कंपनीच्या अल्बममध्ये (कुठल्याही कंपनीच्या, मी फक्त टाटांचं नाही म्हणत) बुडालेल्या गावाचा फोटो शोधून बघा. धरणाची भिंत असते, पाणी असतं, पाण्यात डोंगराचं प्रतिबिंब असतं, सुंदर असतं. कोयनेचंही तेच. कोयनेचे धरणग्रस्त आजही पुनर्वसनासाठी बसतायत आंदोलनाला, आणि आपण शिवसागराच्या, म्हणजे त्याच धरणाच्या जलाशयाच्या, फोटोला लाईक देतो, मीपण देते.

बेस्टचं त्यातल्या त्यात बरंय. १९०७ च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली, त्या शेवटच्या ट्रामच्या फोटोंत तरी माणसं दिसतात, ड्रायव्हर कंडक्टर पब्लिक सगळं एकमेकांत मिसळलेलं. आणिक डेपोत त्यांचं म्युझियम पण आहे, मी भाच्याला घेऊन गेले होते, जुनी मीटर आणि तिकिटं बघून तो खूष. पुण्यात टाटांचं अर्काइव्ह आहे. म्हणजे जपणारे लोक आहेत, अगदी वाळवंट नाहीये. पण जपलं जातं ते मुख्यतः हेड ऑफिसमधलं. ठाकुर्लीचं चोळा पॉवर हाऊस घ्या, जीआयपी रेल्वेने (आताची मध्य रेल्वे) १९२९ ला चालू केलेलं, लोकल गाड्या त्याच्या विजेवर धावायच्या, आणि बाजूला रेल्वेवाल्यांच्या चाळी. केंद्र बंद पडूनही कितीतरी वर्षं झाली. चिमणीचे फोटो सापडतात. भोंगा झाल्यावर जी माणसं त्या गेटमधून आत जायची त्यांचे फोटो कुणाच्या घरात आहेत? असणार, डोंबिवली-कल्याणमध्येच कुठल्यातरी माळ्यावर असणार, पण विचारलंय कुणी?

आता कोयना. ह्यावर मी जरा जास्त लिहिणार कारण आमच्या कॉलनीत तिकडून बदलून आलेली दोन-तीन घरं होती. पोफळीचं केंद्र डोंगराच्या पोटात, १९६२ मध्ये पहिलं जनित्र फिरलं. कोयना नदी खरं तर पूर्वेला कृष्णेकडे जाणारी, तिचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवून खाली कोकणात पाडलं, केवढी डोकेबाज आयडिया. आणि मग ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचार-साडेचारचा सुमार, भूकंप. कोयनानगरची घरं कोसळली, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, धरणाला वरच्या भागात तडे गेले पण धरण उभं राहिलं, मुंबईची वीज गेली. त्याचे फोटो तुमच्याही कात्रणांत असतील, पडलेल्या भिंती, फाटलेला रस्ता, पाहणीला आलेले पुढारी. आमच्या शेजारच्या काकू तिकडच्याच, त्या सांगायच्या की भूकंपानंतर ज्या माणसांची स्वतःची घरं पडली होती तीच माणसं केंद्रावर ड्युटीला गेली, कुणी एका पायात चप्पल कुणी नुसतं बनियनवर, कारण डोंगराच्या आत काय झालंय ते बघायला कुणीतरी जायलाच हवं होतं. त्या ड्युटीला गेलेल्या माणसांचा फोटो मी तरी आजवर बघितलेला नाही. भिंत पडलेली दिसते कारण भिंत थांबते फोटोसाठी.

आणि एक गोष्ट बाहेरच्या लोकांना माहीत नसते. केंद्राच्या आत कॅमेरा न्यायला बंदीच असायची, गेटवरच बोर्ड, 'आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे'. प्रतिबंधित क्षेत्र. ७१ च्या लढाईत तर ब्लॅकआउट, खिडक्यांना काळा कागद, आईला अजून आठवतं की रात्री चूल पेटवतानासुद्धा दाराला गोधडी लावायची. त्यामुळे आतला जो काही फोटो असेल तो कंपनीने बोलावलेल्या फोटोग्राफरनेच काढलेला, आणि तो कधी येणार, तर मंत्री आले की, नवीन सेट चालू झाला की, नाहीतर मोठे साहेब रिटायर झाले की. रोजचं काम कुणी टिपलंच नाही. दर तासाला रिडिंग घेऊन लॉगशीट भरणारा ऑपरेटर, मशीनला कान लावून बेअरिंग ऐकणारा फिटर (खरंच ऐकायचे, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला), पहाटे तीनला चहा करणारा हेल्पर, ह्यांचे फोटो नाहीत म्हणजे नाहीतच.

अपवाद एकच, खंडेनवमी. त्या दिवशी पान्यांपासून टर्बाईनपर्यंत सगळ्याची पूजा, झेंडूच्या माळा पॅनेलला, पेढे, आणि त्या दिवशी नियम जरा सैल. आमच्या घरचा फोटो त्याच दिवसाचा आहे. तालुक्याच्या गावातून फोटोग्राफर यायचा, पुढच्या रांगेत खुर्च्या, बाकीचे हुद्द्याप्रमाणे मागे मागे, सगळ्यात मागे हेल्पर आणि रोजंदारीवाले, आणि गंमत म्हणजे ज्याने सकाळी मशीन पुसून माळा घातल्या तो कायम कडेला, अर्धा कापलेला.

कॉलनीतले फोटो मात्र ढीगभर. गणपती, गॅदरिंग, आंतर परिमंडळ नाट्यस्पर्धा, कबड्डीची टीम, रिक्रिएशन क्लबमधलं कॅरम. माझ्या आत्याच्या लग्नाचा फोटो आहे, मांडव क्वार्टरसमोर आणि मागे बरोबर नवरीच्या डोक्यावर ट्रान्सफॉर्मर, 'धोका' लिहिलेला, कवटीसकट, त्यावरून आत्याला अजून चिडवतात. बायकांचे फोटो हळदीकुंकवाचे. त्यात खाली कुणीतरी टाईप करून लावलंय, डावीकडून सौ. अधीक्षक अभियंता, सौ. कार्यकारी अभियंता, सौ. अमुक, आणि मग? मग अर्थातच 'व महिला मंडळ'. म्हणजे साहेबांच्या बायकांनाही स्वतःचं नाव नाही, साहेबांचा हुद्दा आहे. बघा, वृंदातल्या बायका वृंदाच्याही मागे.

आणि अजून एक प्रकार असतो फोटोचा. लाईन स्टाफच्या सेक्शन ऑफिसात गेलात तर भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी एखादा एकट्याचा फोटो दिसतो, पासपोर्ट साईजवरून मोठा केलेला, धुरकट, चंदनाचा हार घातलेला. लाईनवर गेलेला माणूस. शटडाऊन घेतलेलं असतं म्हणजे लाईन बंद केलेली असते, पर्मिट म्हणजे कामाची परवानगी हातात असते, पण दोन्ही बाजूंना अर्थिंग (तार जमिनीला जोडणं) केलेलं नसतं आणि खाली कुठेतरी कुणाचा तरी जनरेटर उलटा लाईनवर चढतो, संपलं. बाबा लाईनवरचे नव्हते पण त्यांच्या चुलतभावाचा असा फोटो मी बघितलाय. ऑफिसात वायरमनचा एकट्याचा फोटो, खाली पूर्ण नाव, जन्मतारीख, सगळं नीट लिहिलेला, मी असाच बघितलाय. जिवंतपणी तो ग्रुपमध्येच असतो, तिसऱ्या ओळीत. आता त्यांना जनमित्र म्हणतात, नाव छान दिलंय, आणि त्यातलेही कितीतरी कंत्राटी, त्यांचा तर ग्रुप फोटोही निघत नाही, मोबाईलवर खांबाबरोबर सेल्फी तेवढा.

आता ती तक्रार. बाबा गेल्यावर मला वाटलं की ऑफिसमध्ये त्या खंडेनवमीच्या फोटोची मोठी कॉपी होती, जिन्याजवळ फ्रेम लावलेली, ती मिळाली तर नीट चेहरे दिसतील कारण आमची कॉपी पोस्टकार्डाएवढी आणि एका कोपऱ्याला बुरशी. गेले. जिना तोच, भिंतीला नवा रंग, फ्रेम नाही. विचारत विचारत स्टोअरला पोचले. तिथले साहेब तरुण होते, चांगले वागले हो, चहा पाजला, पण म्हणाले रंगकामाच्या वेळी सगळ्या फ्रेमा खाली काढल्या, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवल्या, शेड गळते, दोन पावसाळ्यांत काच नि फोटो एकच झाले, मग भंगारात दिल्या. मी म्हटलं अहो असं कसं, तर ते म्हणाले, "मॅडम, तांब्याची वायर असती तर ग्रॅमचा हिशोब असता. फोटोला मटेरियल कोडच नाही." आणि हे त्यांनी उद्धटपणे नाही सांगितलं, खरंच हताशपणे सांगितलं. मला ते वाक्य विसरता येत नाही. जळकं ट्रान्सफॉर्मर ऑइलसुद्धा रजिस्टरला असतं, आणि तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसांचे चेहरे कुठल्या रजिस्टरलाच नाहीत, त्यामुळे ते हरवले असंही म्हणता येत नाही, कारण कागदोपत्री ते कधी नव्हतेच.

मग घरी येऊन आमच्या पोस्टकार्डाएवढ्या फोटोवरच काम सुरू केलं. भाच्याने स्कॅन करून टीव्हीवर लावला. आई तेव्हा ब्याऐंशीची, म्हटलं हिला काय आठवणार, ती तर केंद्राच्या आत कधी गेलीच नाही. संपादक महाशय, आईने सव्वीस माणसं ओळखली. बाबांचे दोन मित्र अजून आहेत त्यांनी मिळून चौदा. कारण पुरुषांना आठवतो हुद्दा आणि शिफ्ट, आईला आठवत होतं क्वार्टर. "हे बी टाईप अकरावाले भाऊजी, ह्यांची धाकटी आपल्याकडेच जेवायची." "हे पॉवर फॅक्टर." पॉवर फॅक्टर कोण, तर एक ऑपरेटर जे ए शिफ्टला रोज लेट यायचे, कायम लॅगिंग (विजेच्या भाषेत पॉवर फॅक्टर मागे पडला की त्याला लॅगिंग म्हणतात), म्हणून सगळ्या कॉलनीत त्यांना पॉवर फॅक्टर म्हणायचे, खरं नाव आईला सांगता येईना, मग त्यांच्या बायकोचं नाव आठवलं, मग तिचं माहेर, आणि तिथून फोन लावत लावत त्यांच्या मुलापर्यंत पोचलो. मुलगा फोनवर बराच वेळ बोललाच नाही, मग म्हणाला, बाबांचा तरुणपणीचा फोटोच नाहीये आमच्याकडे. त्याला पाठवला. पॉवर फॅक्टर हे नाव मात्र त्याला माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. फोटो जपायला मशीन मिळतील, एसी खोल्या मिळतील, पैसे मिळाले तर अगदी अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया एडिसन नावाच्या वीज कंपनीचे हजारो फोटो तिथल्या हंटिंग्टन लायब्ररीत ठेवलेत तसंही करता येईल. ते दहा वर्षांनी केलं तरी चालेल एक वेळ. पण नावं दहा वर्षांनी मिळणार नाहीत. राज्याचं वीज मंडळ झालं १९६० च्या जूनमध्ये, त्याच्या पहिल्या दहा वर्षांत लागलेली माणसं आज पंचाहत्तरच्या पुढेच, आणि त्यांच्या बायका तेवढ्याच. २००५ ला मंडळाच्या कंपन्या झाल्या, ऑफिसं विभागली, कपाटं इकडून तिकडे गेली, त्यात किती अल्बम गेले देव जाणे. परळीचं शक्तीकुंज, भुसावळचं दीपनगर, चंद्रपूरचं ऊर्जानगर, एकलहरे, कोराडी, खापरखेडा, आलोरे, पोफळी, भिरा, खोपोली, ह्या सगळ्या कॉलन्यांतून रिटायर होऊन माणसं पुण्यात नाशकात नागपुरात मुलांकडे फ्लॅटमध्ये राहायला गेलीयत, आणि फ्लॅटमध्ये माळा नसतो. ट्रंक पहिली जाते.

म्हणून ज्यांच्या घरी असले फोटो आहेत त्यांना चार अनुभवाच्या गोष्टी सांगते, मी चुका करून शिकलेय. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकटच स्कॅन करा नाहीतर उजेड चमकणार नाही अशा बाजूने मोबाईलने काढा, ओढलात तर चेहरा काचेवर राहतो आणि कागद हातात, माझ्याकडून एक असा गेला. ८०-९० च्या दशकातले ते चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक असलेले अल्बम फार वाईट, तो गोंद फोटो खातो, त्यातून हळूच काढा, मागून पातळ दोरा सरकवत. लॅमिनेशन तर अजिबात करू नका. कलर फोटो लाल पडलाय म्हणून टाकू नका, त्यातला निळसर रंग आधी उडतो म्हणून तो लाल दिसतो, स्कॅन केल्यावर बराच सुधारतो. निगेटिव्ह असतील तर सोन्यासारख्या ठेवा, पण एखादीला व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती वेगळी काढा, तो रोग बाजूच्यांनाही लागतो. मागे लिहायचं तर पेनने नाही, मऊ पेन्सिलने, आणि स्कॅन करताना मागची बाजू पण करा कारण फोटोग्राफरचा शिक्का, तारीख, कधीकधी नावं मागेच असतात. आणि कृपा करून व्हॉट्सअॅपवर नुसता फॉरवर्ड करू नका, चेहऱ्याचा चिखल होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

साल माहीत नसेल तरी फोटोतच बरंच लिहिलेलं असतं. गाडीवर 'मराविमं' (महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ) असेल तर १९६० नंतरचा, 'महावितरण' असेल तर २००५ नंतरचा. खांब रुळाचे आहेत का सिमेंटचे, डोक्यावर हेल्मेट आहे का टोपी, पँटची बेलबॉटम किती रुंद (हसू नका, बेलबॉटमवरून आम्ही एक फोटो ७५ च्या आसपासचा ठरवला आणि नंतर मागे तारीख सापडली, ७६ निघाला).

आणि नावं विचारताना एकट्याला विचारू नका, दोघं-तिघं म्हातारे एकत्र बसवा. एकजण चुकीचं सांगतो, दुसरा भांडतो, त्या भांडणातून खरं नाव निघतं. मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. आणि घरातल्या बाईला आधी विचारा, प्लीज.

आता तुमच्याकडे मागणं, हा तो शेवटचा भाग. तुमच्या पुरवणीत कोपऱ्यात आठवड्याला एक फोटो छापाल का, कुठल्याही वीज केंद्राचा, सबस्टेशनचा, कॉलनीचा, आणि खाली साहेबांची नावं न देता फक्त आकडे द्यायचे, माणसावर एक दोन तीन, आणि वाचकांनी कळवायचं की चार नंबर कोण. वीज कंपन्यांनाही माझी विनंती आहे की तुमच्या भिंतीवरच्या, कपाटातल्या ग्रुप फोटोंची एक साधी यादी करा, तेवढ्यापुरता का होईना एक मटेरियल कोड द्या त्यांना, आणि रंगकाम काढलं की फ्रेमा पत्र्याच्या शेडमध्ये न ठेवता एखाद्या कोरड्या कपाटात ठेवा, त्याला काही निविदा काढावी लागत नाही. ज्यांना आता नोकरीत दोन-तीन वर्षं झालीयत त्या ऑपरेटर लोकांनीही ह्या खंडेनवमीला जो फोटो काढाल त्याच्या मागे तिथल्या तिथे नावं लिहा, कंत्राटी पोरांची पण.

सोबत आमच्या फोटोची प्रत पाठवतेय, चांगल्या रिझोल्यूशनची, वापरायला काही हरकत नाही. बत्तीस माणसं आहेत, एकतीस ओळखली गेली. राहिलाय तो सगळ्यात मागच्या ओळीत उजवीकडून दुसरा, कॉलर नसलेला शर्ट, हातात पुसायचा बोळा तसाच राहिलाय, ठेवायला वेळ मिळाला नसेल. रोजंदारीवर असावा कारण हजेरीपटाच्या कुठल्याच आठवणीत तो येत नाही. बाबांच्या मित्रांना अजिबात ओळखू आला नाही. आई म्हणते हा डबा नाही आणायचा, फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून आणायचा आणि पाणी आमच्याच नळावर प्यायचा, नाव काय ते तिने कधी विचारलं नव्हतं. कुणाला ओळख पटली तर तुमच्या ऑफिसात कळवायला सांगा, मी येऊन घेऊन जाईन.

आपली,
एक नियमित वाचक
(सी टाईप, सात नंबर)